निंबापाशी थांबणारी गाडी

धुळ्याहून शिंदखेड्याला जाताना एक लांब उतार लागतो. खाली नाल्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, आणि ती ओलांडून चढ लागला की डाव्या हाताला निंब. रिखबचंद शेठची अँबेसेडर तिथं आली की आपसूक थांबायची. जीवराम ड्रायव्हर गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

जीवराम गेला तोही तिथंच. छातीत कळ आली, तरी पठ्ठ्यानं मागं बसलेल्या शेठच्या लेकरांना धक्का लागू दिला नाही. गाडी निंबाखाली उभी केली आणि मगच मान टाकली. लोक उचलायला धावले तेव्हा पाय ब्रेकवरच होता, काही केल्या निघेना.

आता गाडी त्याचा लेक भाईदास चालवी. एकादशीला शेठच्या कामानं शिंदखेड्याला जाणं झालं की कलाबाई, जीवरामची बायको, मागं बसे. तिथल्या देवळात कीर्तन असे. पण खरं सांगायचं तर तिचं दर्शन वाटेतच होऊन जाई. निंबापाशी चाक जखडे, गाडी कण्हून थांबे. भाईदास घामाघूम. कलाबाई उतरे, बॉनेटवर हात ठेवी आणि हलकेच म्हणे, "सोडा आते. पोऱ्या गाडीमा शे." आता सोडा, पोरगा गाडीत आहे, अशी नवऱ्याला विनवणी. एक विडी ओढून व्हावी एवढा वेळ जाई, आणि गाडी सुटे.

मायलेकांनी हे कुणाला सांगितलं नाही. शेठ गाडी विकतील, मग नोकरी कसली, ही भाईदासची भीती. कलाबाईला वाटे, बोललं तर तो यायचाच बंद होईल.

पण मागच्या खेपेला निंबाच्या जरा अलीकडंच गाडी थांबता थांबता डावीकडं ओढली गेली. चाक फरशीच्या कडेवर जाऊन टेकलं. खाली नाल्यातले धोंडे. तेव्हापासून कलाबाई स्वतःलाच विचारी. बापच आहे ना तो? मग लेकाला कुठं ओढतो?

पुढच्या एकादशीला सकाळी गाडीखाली ब्रेकचं तेल ठिबकलेलं दिसलं. दोघं हिलाल मिस्तरीच्या गॅरेजात गेली.

"हिलालभाऊ, पाइपाच्या जोडावर सफेद्याचा लेप थापा, धागा गुंडाळा आणि आवळा. बाबा असंच करायचे," भाईदास म्हणाला.

"तुझे बाबा आधी विहिरींवर पंप बसवायचे, म्हणून! हा काय केळीच्या मळ्याचा नळ आहे?" हिलाल गाडीखालून बाहेर आला. "अरे, इथं आटे तेल अडवत नाहीत, नुसते दाबून धरतात. अडवतं ते पाइपाचं फुलवलेलं तोंड. धातूवर धातू कोरडा बसायला हवा. तोंड चिरलंय, ते नवं करून देतो. सफेदा आत गेला ना, तर ब्रेक लागतील, पण सुटायचे नाहीत."

कलाबाई स्टुलावर बसली होती, ती ताठ झाली.

"मधेच कुठं अडत नाही ना गाडी?" हिलालनं सहज विचारलं.

"छे, छे," भाईदासनं नजर चुकवली.

हिलालनं पाना उचलला. कलाबाई गप्प राहिली असती तर तेवढं तोंड नवं झालं असतं, आणि निंब तिचा तिला राहिला असता. पण मागच्या एकादशीच्या कीर्तनातलं बुवांचं निरूपण तिच्या कानात घुमू लागलं. माया आणि प्रेम, दोन्हींचा हात अंधारात सारखाच लागतो बायांनो. माया सोडत नाही, एवढाच काय तो फरक.

"अडते," ती म्हणाली. "निंबापाशी."

"माय!" भाईदास ओरडला.

"तू उगा राय. भाऊ, बठ्ठा पाइप उघडा."

हिलालनं डाव्या चाकाकडं जाणारा सगळा पाइप काढला आणि पंपानं हवा मारली. फट्कन एक पांढरा खडा बाहेर उडाला, त्याला शेपटासारखा धागा. हिलालनं तो फडक्यानं पुसला. धागा हिरवा निघाला.

कलाबाईनं तो ओळखला. त्या शेवटच्या सकाळी जीवरामनं ब्रेकच्या जोडाला गुंडाळायला दोरीवर वाळणाऱ्या तिच्या लुगड्याचाच धागा ओढला होता. 'दुसरं काही भेटनं नई का तुमले?' म्हणून ती त्याच्यावर खेकसलीही होती. तेच त्याच्याशी शेवटचं बोलणं.

"हाऊ त्यासना हात शे," ती पुटपुटली. हा त्यांचाच हात.

"उतारावर ब्रेक दाबून धरला की तेल पुढं जाई, या खड्यामुळं परत येत नसे," हिलाल समजावत होता. "जरा वेळानं हळूहळू सुटे."

"मंग बरोबर निंबापाशीच कसं, भाऊ?"

"उतारच तिथं आहे ना, अक्का." पण हे म्हणताना हिलालनं तिच्याकडं पाहिलं नाही. हात आधीच पुसलेले, तरी तो ते पुसतच राहिला.

नवा पाइप सफेद्याशिवाय, कोरडाच बसला. जोडातून एक थेंबही गळेना. दुपारी गाडी शिंदखेड्याला निघाली. या वेळी कलाबाई पुढं, भाईदासच्या शेजारी बसली. मुठीत धागा. उतार आला. भाईदासनं ब्रेक दाबला, सोडला. फरशी गेली. गाडी चढाला लागली आणि निंबाजवळून सुसाट पुढं गेली.

"सुटलो, माय!" भाईदास हसला. किती दिवसांनी तो असा मोकळा हसत होता.

कलाबाईनं खाली पाहिलं. तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता, अंगठा पांढरा पडेपर्यंत. तिनं तो दाबला नव्हता. उचलू गेली, तर निघेना.

"सोडा आते," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"काय म्हनस, माय?"

"काही नई. तू गाडी चालाव."