खोलीतला दुसरा

१९३७ च्या जुलैत भालचंद्र उज्जैनहून ग्वाल्हेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आला. वसतिगृहात एका खोलीत दोघे राहत. कोणी कोणाबरोबर राहायचं हे सुपरिंटेंडेंट सदाशिवराव स्वतः ठरवत. प्रत्येक नव्या मुलाला समोर बसवून ते विचारत, पहाटे उठतोस का, मांस खातोस का, मोठ्यानं वाचतोस की मनातल्या मनात, घरी कोण कोण असतं.

भालचंद्रला त्यांनी शेवटी विचारलं, "काही आजार?"

"नाही."

वडिलांनी हेच सांगून पाठवलं होतं. दहाव्या वर्षापासून त्याला फेफऱ्याचे झटके येत. "कळलं तर ठेवून घेणार नाहीत. शिवाय शामलाचं लग्न व्हायचंय अजून," वडील म्हणाले होते. शामला त्याची मोठी बहीण.

यादी लागली तेव्हा तो चक्रावला. बाकीच्या खोल्यांत शाकाहारी शाकाहाऱ्यांबरोबर होते, अभ्यासू अभ्यासूंबरोबर. त्याच्या वाट्याला मात्र दौलतसिंह आला होता. फौजेतल्या सुभेदाराचा मुलगा, रोज तालमीत जाणारा, खानावळीत मटणाचा दिवस मोजत बसणारा.

भालचंद्रचे दिवस धास्तीत जाऊ लागले. झटका येण्याआधी त्याच्या डाव्या हाताला मुंग्या येत, म्हणून तो सारखा बोटं चोळून बघे. आंघोळीला एकटा जायला भिई, आणि कोणाबरोबर जायलाही. दौलतसिंह कधीकधी वाचता वाचता त्याच्याकडे बघत बसे. याला संशय आला असेल का? हा तालमीत जाऊन सांगेल, मग सगळं कॉलेज हसेल.

ऑगस्ट संपता संपता त्यानं ठरवलं, खोली बदलून मागायची. पण एकट्याला खोली मिळणार नव्हती, आणि नव्या सोबत्यापुढे भीती तीच राहणार होती. अर्ज अर्धाच लिहून झाला.

रविवारी सकाळी तो ट्रंकेतून धोतर काढत होता. बोटांना मुंग्या आल्या. खाटेपर्यंत पोचायला म्हणून तो वळला, आणि पुढचं त्याला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर कुशीवर होता. डोक्याखाली दौलतसिंहाची उशी होती. दाराला कडी होती आणि दौलतसिंह दाराला पाठ टेकून बसला होता. बाहेरून कोणी थाप मारली.

"नंतर या रे, भालू सोया है," तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "उठायची जल्दी करू नको. तीन मिनिटं चाललं. जीभ थोडी चावली आहेस."

"तू कोणाला सांगशील..."

"कोणाला सांगू? माझ्या थोरल्या भावाला मिरगी आहे. लहानपणापासून मीच बघून राहिलो आहे त्याला. सदाशिवरावांनी घरचं विचारलं तेव्हा मी ते सांगून दिलं. म्हणून तर त्यांनी तुला माझ्याकडे दिलं."

"त्यांना कसं कळलं?"

"तुझ्या ताईचं पत्र आलं होतं त्यांना."

भालचंद्रच्या अंगाची लाही लाही झाली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं? दीड महिना मी रोज मरतोय, आणि तू गप्प?"

दौलतसिंहानं मान खाली घातली. "सदाशिवराव म्हणाले, तो स्वतः बोलेपर्यंत तू विषय काढू नको. मी वाट बघून राहिलो होतो. चुकलंच माझं."

भालचंद्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लग्न अडलं असतं ते शामलाचंच. तरीही वडिलांना न विचारता तिनं पत्र टाकलं होतं. त्याला रडू आलं, आणि या वेळी ते लपवावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी तो सदाशिवरावांकडे गेला आणि खोटं बोललो म्हणाला. त्यांनी कंपू भागातल्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी तास बुडवून दोघे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण?"

"माझा खोलीतला," भालचंद्र म्हणाला, आणि झटके किती दिवसांनी येतात ते पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगू लागला.