जाऊबाईंच्या रक्तानं सांगितलेलं

सासूबाई गेल्या तेव्हा धाकटी सून धाय मोकलून रडली. थोरल्या जाऊबाईंनी मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्यांनी खुर्च्या मांडल्या, येईल त्याला चहा दिला, सासूबाईंची गादी उन्हात टाकली आणि चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या. पॅकिंगच्या कारखान्यात त्या मुकादम होत्या आणि घरातही त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना मुकादमच म्हणत.

"बाईचं काळीज आहे की पाटा?" धाकटी नवऱ्याला म्हणाली. दोघी जावांचं तसं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चादरी वाळत घालता घालता जाऊबाई मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात छातीवर.

"पित्त झालंय. पाणी दे आणि तुझ्या कामाला लाग," त्या म्हणाल्या.

धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. गाडी बोलावली आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तिथं छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीण बाईंनी ती दोनदा पाहिली आणि रक्त घ्यायला सांगितलं.

"साखर बघताय का?" धाकटीनं विचारलं.

"नाही, ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूत असतं ते. एरवी रक्तात जवळजवळ सापडत नाही. स्नायूला इजा झाली, की रक्तात झिरपतं."

रिपोर्ट आला. आकडा जरासा वाढलेला होता. काही तासांनी नर्स पुन्हा सुई घेऊन आली.

"आधीचं सांडलं की काय?" जाऊबाई कुरकुरल्या.

या वेळी आकडा कितीतरी वर गेला होता. लगोलग हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, पण एकही तुंबलेली निघाली नाही. डॉक्टरीण बाईंनी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"घरात एवढ्यात काही घडलंय?"

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"आमच्या सासूबाई गेल्या," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी मान हलवली. सोनोग्राफीचं यंत्र आणवलं आणि पडदा दोघींकडे वळवला. करड्या धुक्यात हृदय दिसत होतं. वरचा भाग जोरजोरात आवळत होता, खालचं टोक मात्र फुगून निपचित पडलं होतं.

"मोठ्या दुःखाच्या धक्क्यानं कधीकधी असं होतं. रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, पण स्नायू खरोखर दुखावतो. बहुतेक वेळा भरून येतं. तोवर जपायला हवं."

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. ऊर फुटला, काळीज तुटलं, असं ती उठता-बसता म्हणायची. बोलायची रीतच ती. आणि इथं खरोखरच एक काळीज दुखावून बसलं होतं. चार लोकांत ज्या बाईच्या ओठांतून हुंदका फुटला नाही, तिचं दुःख त्या इवल्याशा नळीतल्या रक्तात उतरलं होतं आणि एका यंत्रानं ते वाचलं होतं.

डॉक्टरीण बाई बाहेर गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, एवढं होतं तर रडायचं तरी."

"तू रडत होतीस ना. दोघी रडत बसलो असतो, तर चहा कुणी केला असता?"

धाकटीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. जाऊबाई छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "झोपायच्या आधी त्यांच्या गोळ्या काढून द्यायचे मी. अजून हात आपोआप कपाटाकडे जातो गं. मग कळतं, घ्यायला कुणी नाही."

धाकटीनं तो हात हातात घेतला. जाऊबाईंनी काढून घेतला नाही.

घरी आल्यावर धाकटीनं त्यांना चादर काय, रुमालही उचलू दिला नाही. "मुकादमकी आता माझ्याकडे," ती म्हणायची आणि जाऊबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटत गोळ्या गिळायच्या. महिना उलटल्यावर दोघी पुन्हा दाखवायला गेल्या. रक्तातला आकडा केव्हाच उतरला होता. पडद्यावर पुन्हा तेच करडं धुकं पसरलं आणि त्यात खालचं टोक आवळलं, सैलावलं, पुन्हा आवळलं.

"हलतंय! बघा, बघा, हलतंय!" धाकटी ओरडली.

"हळू. दवाखाना आहे," जाऊबाई म्हणाल्या. पण डॉक्टरीण बाई यंत्र बंद करायला लागल्या तेव्हा जाऊबाईंनीच कोपरावर उठत हात पुढे केला.

"जरा थांबा हो. मलाही बघू द्या."