टाचेतली भेग

मित्रांनो, उभ्या जन्मात मंडईतली ओली फरशी एकदाच तुडवलेला मी एक जुना रबरी पाय आहे. जन्म पायाचा आणि वस्ती कपाटात, मग जीव स्वस्थ कसा राहणार?

लोणी काळभोरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकताना मैत्री नावाच्या मुलीने मला बनवलं. तिच्या सख्ख्या मामांचा, कचरूमामांचा, एक पाय मधुमेहाने गेला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मामा माझ्यावर झोकात चालले. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली असती, पण पायाला छाती नसते.

मग मामा मला घालून मंडईत आपल्या गाळ्यावर गेले. ओल्या फरशीवर वळताना माझी टाच चिरली आणि मामा कोथिंबिरीच्या जुड्यांसकट आडवे झाले. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मैत्री खूप रडली. तिने मला फडक्यात गुंडाळून घरच्या कपाटात टाकलं. अहवालात मात्र "चाचणी यशस्वी" असंच लिहिलं. शाळेपासूनची सवय ती! प्रयोगवहीत चुकलेलं उत्तर कुणी कधी पाहिलंय?

तिला असेच पाय सुधारण्यावर पीएच.डी. करायची होती. पण विद्यावेतन मिळालं तरच, कारण घर आई सुंदराबाईंच्या एकटीच्या पगारावर चाले. तिने ठिकठिकाणी अर्ज केले. कपाटाच्या फटीतून मी तिची तगमग ऐकायचो. इंजिनिअरिंगवाले म्हणत, हा विषय वैद्यकाचा. वैद्यकवाले म्हणत, तुम्ही तर इंजिनिअर! बाकीच्यांचं उत्तरच नाही. फोन वाजला की ती धावायची, आणि मी फडक्यातल्या फडक्यात चुळबुळायचो. शेवटी तिने आयटी कंपनीतली नोकरी धरली. "सोमवारपासून जा बाई, जिवाला घोर नको," सुंदराबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एका संशोधन प्रकल्पाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. इंजिनिअर आणि डॉक्टर मिळून काम करणार, विद्यावेतनाची जागा एकच. लॅपटॉपच्या पडद्यावर प्राध्यापकबाईंनी माझा फोटो पाहिला. "छान आहे. पण पहिला नमुना कुठेतरी मोडतोच. हा मोडला कुठे?"

"मॅडम, चाचणी यशस्वी..." मैत्री पुटपुटली.

मुलाखत ऐकायला आलेले मामा कॉटवरून खेकसले, "अगं, मग मी काय हौसेने लोळलो होतो मंडईत?"

मैत्री उठली. कपाट उघडून तिने मला कॅमेऱ्यापुढे धरलं. वळताना टाचेवर तिरका भार येतो, तो आपण मोजलाच नव्हता, हे तिने सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "ती भेग जरा जवळ आणा," म्हणाल्या.

सोमवारी मैत्री नोकरीवर गेली नाही. विद्यावेतनाची ती एकुलती जागा तिलाच मिळाली.

आता तिच्या नव्या प्रयोगशाळेत मला मधोमध कापून ती भेग तपासणार आहेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण कपाटापेक्षा हे बरं. मित्रांनो, मोडलेली वस्तू लाजेने लपवू नका. ती कुठे मोडली ते आधी बघा.

नवा पाय तयार होईल तेव्हा मी नसेन. मामांनी मात्र तिला आत्ताच बजावून ठेवलंय, "घालीन की मी. पण या खेपेला पडलो, तर पडलो असं लिही."