संबळ थांबवा, सारजाचं काळीज ऐकू द्या!

मित्रांनो, डॉक्टरांच्या गळ्यात लोंबतो ना, तो स्टेथोस्कोप मी. आता माझं रबर चिरलंय, पण ऐकण्यात अजून कुणाला हार जाणार नाही! इंदापूरच्या मोहनराव डॉक्टरांकडे मी बारा वर्षं काढली. खोकला ऐकला, दमा ऐकला, तान्ह्या बाळांची धकधक ऐकली. आयाबाया म्हणत, "नळी लागली की निम्मं दुखणं पळतं." मी नुसता फुगून जाई.

पण १९५९ सालची एक गोष्ट आठवली की आजही माझा संताप होतो.

लासुर्ण्याचा जोतीराम बैलगाडी घेऊन आला. त्याची तरुण बायको सारजा सारखी चक्कर येऊन पडत होती. आम्ही पोचलो तर अंगणात ही गर्दी! सारजाला पाटावर ताठ बसवलेलं, दोघींनी दंड धरलेले, कपाळावर मूठभर कुंकू आणि कानाशी संबळ. तिच्या अंगात देवी येते, असं गावानं परस्पर ठरवलं होतं. आणि देवीला भुईवर लोळू द्यायचं नाही, म्हणून बेशुद्ध पोरीला बसतं धरायचं! वर एक तात्या तिलाच विचारत होते, "आई, माझी म्हैस कुठं गेली गं?"

म्हैस! मला तोंड असतं ना, तर त्या तात्यांना चांगलं सुनावलं असतं.

"आडवी करा तिला!" डॉक्टर ओरडले.

सासू कुशाबाई मध्ये उभी राहिली. "देवीला मातीत टाकू व्हय? कोप हुईल, डाक्टर!"

"मग निदान संबळ तरी थांबवा. मला ऐकू द्या."

मी सारजाच्या छातीला लागलो. एक ठोका. मग काहीच नाही. मी घाबरलो. मग दुसरा. मिनिटाला जेमतेम अठ्ठावीस!

डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला सरळ कुशाबाईच्या कानात घातलं आणि तिच्याच छातीवर टेकवलं.

"आगं बया, ह्ये तर पळतंय!"

"आता सुनेचं ऐका."

कुशाबाई ऐकू लागली. वाट बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "बंद पडलं जणू... न्हाय, आलं. आता पुन्ना गेलं!" आणि ती एकदम कडाडली, "सरका समदी! आडवी करा माझ्या लेकराला!"

पाय उंच करून निजवल्यावर सारजाच्या तोंडावर हळूहळू रंग आला. डोळे उघडून ती म्हणाली, "आत्याबाई, कवापासनं सांगतीया, अंगात काय येत न्हाय. डोळ्यापुढं अंधारी येती."

म्हणजे ती सांगत होती! ऐकलंच नव्हतं कुणी!

"काळजाचे ठोके फार हळू पडतात, म्हणून ही अंधारी," असं सांगून डॉक्टरांनी जिभेखाली धरायची गोळी दिली. जोतीराम म्हणाला, "काळीज चालवायचं यंत्र न्हाय का एखादं?"

"आहेत की. एक रेडिओएवढं, भिंतीतल्या विजेवर चालतं आणि छातीवरून झटके देतं. वीज गेली की ते गेलं. दुसरं बॅटरीचं. पेटी गळ्यात अडकवायची आणि तिची तार थेट काळजापर्यंत. तिसरं परवाच परदेशात निघालंय, बूटपॉलिशच्या डबीएवढं. ते कातडीखाली शिवतात, पण अजून टिकत नाही."

"आमच्या हितं तर इजंचा खांब बी न्हाय."

"म्हणून तर गोळी. आणि पडली की आडवी करायची."

जगात काळजाला चालवायच्या पेट्या निघाल्या, आणि आमच्याकडे माणसाला आडवं करायलाही सासूची परवानगी! राग येणार नाही तर काय?

पुढे सारजा दोनदा पडली. दोन्ही वेळा कुशाबाईनंच तिला निजवलं, गोळी दिली. ओटीचं ताट घेऊन बाया आल्या, तर तिनं उंबऱ्यावरूनच हात आडवा केला. "देवी देवळात हाय, तिकडं जावा. हितं माझी सून निजलीया."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी रबराचा, आज ना उद्या तुटेन. पण कुणी चक्कर येऊन पडलं, तर त्याला धरून बसवू नका. निजवा, डॉक्टरांना बोलवा, आणि ते माणूस काय सांगतंय ते आधी ऐका. तेवढं ऐकायला तर नळीसुद्धा लागत नाही!