थोरलीच्या फळीवरचा हार

मी धाकटी बोलतेय. जामखेडच्या एका दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीत, काचेच्या कपाटात बसलेली. माणसं मला सर्व्हर म्हणतात. पेशंटांचे एक्स-रे, स्कॅनचे फोटो जपायचे आणि डॉक्टरांनी मागितले की काढून द्यायचे, एवढंच काम. तेही खरं तर माझं नव्हतं. थोरलीचं होतं.

आम्ही दोघी एकाच टेम्पोतून आलो. ती वरच्या फळीवर, मी खालच्या. एका घरातल्या जावाच म्हणा. तिच्याकडं आलेला फोटो लगेच माझ्याही पोटात उतरायचा, पण द्यायचा तिनंच. ती पडली तरच भार मी उचलायचा. याला फेलओव्हर म्हणतात. म्हणून मी घटकाघटकाला विचारायची, "जाऊबाई, आहात का?" ती म्हणायची, "हाय गं." हे विचारणं म्हणजे हेल्थ चेक. इथली कॉम्प्युटरवाली पंकजा, तिनं ते लावून दिलेलं.

खोटं कशाला बोलू, मला लई वाटायचं, आपल्यालाही कुणी काही मागावं.

खंडेनवमीला दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. झाडलोट करणाऱ्या रंगुबाईनं झेंडूचा दाट हार आणला नि थोरलीच्या तोंडावर घातला. खालचीलाही घाला की, असं पंकजा म्हणाली.

"ती काय करती? थोरली राबती, ही नुसती बसून खाती. हिला कुंकवाचं बोट पुरं."

पंकजा हसली. मी हाराकडं बघत राहिले.

आमच्या तोंडाला जाळी असते, तिथूनच गार हवा आत जाते. हार नेमका त्या जाळीवर. दुपारपर्यंत थोरली तापली. मी विचारलं की म्हणायची, "हाय गं." पण ओढून ताणून.

त्याच दुपारी पुंजारामला आणलं. मागं तो मोटरसायकलवरून पडला होता, तेव्हाचा डोक्याचा स्कॅन आमच्याकडं होता. आता तो बरळायला लागलेला. डॉक्टरांना नव्या स्कॅनशेजारी जुना ठेवून बघायचा होता. मेंदूतला रक्ताचा डाग वाढला असेल तर तडक नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. दाराबाहेर त्याची आई आक्काबाई, लेकाच्या वहाणा मांडीवर घेऊन बसलेली.

थोरलीला फोटो देता येईना. तो माझ्या पोटात होता, बघा. पण दोघींनी एकदम हात घातला तर सगळंच विस्कटतं, म्हणून ती 'हाय' म्हणते तोवर मला हलता येत नाही. मी विचारत होते, ती 'हाय गं' म्हणत होती. पंकजाच्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

शेवटी पंकजा धावत आली. थोरलीला हात लावला नि चटका बसून मागं घेतला. हार ओढून काढला.

"ही नुसती हो म्हणतीय," ती म्हणाली, आणि थोरलीचं काम थांबवून माझ्या हवाली केलं.

फोटो मी दिला. डाग वाढला होता. पुंजारामला तडक हलवलं. दिवाळीनंतर त्याच वहाणा घालून तो आपल्या पायानं डॉक्टरांना भेटायला आला.

थोरली मात्र उठली नाही. दुरुस्तीला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. पंकजानं सेटिंग बदललं. आता नुसतं 'आहात का' विचारायचं नाही, एक फोटो मागून बघायचा. दिला तरच ती धडधाकट. शहाणपणाचं आहे. पण मागू कुणाला?

यंदा रंगुबाई पुन्हा हार घेऊन आली. माझ्यापुढं जरा घुटमळली. म्हणाली, "तुला बसून खाती म्हटलं व्हतं, बाई." जाळीवर नको, असं पंकजानं बजावलंच होतं. मग तिनं तो वरच्या रिकाम्या फळीला बांधला. दोन पाकळ्या माझ्यावर पडल्या.

नवी येणार आहे म्हणे. तोवर पडद्यावरनं थोरलीचं नाव काढून टाकायचं पंकजाच्या मनात आहे, ती जबाब देत नाही नि तिच्या नावापुढं लाल दिवा सारखा लागतो म्हणून. पोरी, नवी येईस्तोवर राहू दे. आता सारा दवाखाना मलाच मागतो, मी देते. आणि मधेच वर विचारते, "जाऊबाई, एक फोटो देता का?"

फोटो राहू द्या, जाऊबाई. नुसतं 'हाय गं' म्हणा.