थंड पाण्याची पाटी

उज्ज्वलाने स्क्रीनवरच्या रेघा सरळ करायला घेतल्या, तेव्हाच योगेंद्रच्या मनात पाल चुकचुकली.

सुरतजवळच्या पलसाण्यातल्या त्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवणारं मोठं बंद मशीन होतं. वाफ कधी सोडायची, थंड पाणी कधी घ्यायचं, उकळतं पाणी बाहेर कधी काढायचं, हे सगळं कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरचं एक चित्र ठरवी. एकेका कामाचा एकेक चौकोन आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. हे चित्र योगेंद्रने वाढवत नेलेलं. जागा दिसेल तिथे चौकोन टाकायचा, रेघ वाटेल तिकडून ओढायची. त्या गुंत्यातून वाट फक्त त्यालाच सापडे. म्हणून मिल त्याच्यावाचून अडे, आणि म्हणूनच अखाजीला त्याला कधी रजा मिळत नसे. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातल्या लेकी झोके खेळायला माहेरी जातात. त्याची बहीण उषाबाई दरसाल टोमणा मारी, "माहेर आहे, भाऊ तेवढा नाही."

उज्ज्वला अमरावतीची, डिप्लोमा करून नुकतीच लागलेली. तिने वाफेचे चौकोन एका ओळीत घेतले, थंड पाण्याचे दुसऱ्या, पाणी काढायचे तिसऱ्या. रेघा डावीकडून उजवीकडे, शक्यतो एकमेकींना न छेदणाऱ्या. प्रत्येक चौकोनावर नावाची पाटी.

"दादा, हा एम-सतरा चौकोन कशाचा?"

"चालतंय ना? मग कशाला उकरतेस?"

"उद्या तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे चाललोय?"

त्यानंतर चारच दिवसांनी शेठ हसत म्हणाले, "योगेंद्रभाई, आ वखते गामे जई आवो. उज्ज्वलाबेन छे ने."

ही रजा नाही, नारळ आहे, योगेंद्रने ओळखलं. चित्र सरळ झालं, आता चित्रकार कशाला हवा?

संध्याकाळी मिलमधून निघण्याआधी त्याने दोन पाट्यांची अदलाबदल केली. 'थंड पाणी घेणे'च्या जागी 'पाणी काढणे', आणि उलट. नुसती नावं. मशीन पूर्वीसारखंच चालणार. पण अडलं, तर ही पोरगी चुकीच्या चौकोनाला हात घालणार, आणि मग शेठ गावाला फोन करणार.

दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनवर उषाबाई पिशवी घेऊन एकटीच उभी होती.

"दाजी कुठे?"

"त्या नई येवाव," ती म्हणाली. "तुमनाकरता त्यास्नी सुटी सोडी दिधी."

भिकन, तिचा नवरा, त्याच मशीनवर कामाला होता. योगेंद्रला जाता यावं म्हणून त्याने आपली रजा सोडली होती. मशीन अडलं की पाइपाशी जाऊन उभा राहणारा माणूस तोच. उज्ज्वलाने 'थंड पाणी' समजून चौकोन हाताने चालू केला, तर उकळतं पाणी भिकनच्या पायांवर येणार.

योगेंद्र मागे वळला. "तू हो पुढे. मी येतो मागून."

"या वर्षीबी?" उषाबाई एवढंच म्हणाली.

बाहेरच्या बूथवरून त्याने मिलचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा एंगेज. कुणाशी बोलत होती उज्ज्वला? शेठशी? की दवाखान्याशी? मिळाली ती रिक्षा त्याने पलसाण्याकडे पळवायला लावली.

भिकन मशीनपाशी उभा राहून चहा पीत होता.

"काय सालेसाहेब, माझ्या बायकोला एकटीलाच धाडलं गाडीत?"

"मशीन?"

"सकाळी अडलं होतं. उज्ज्वलाबाईंनी केलं चालू."

कंट्रोल रूममध्ये उज्ज्वला फोन ठेवत होती. स्क्रीनवर पाट्या आपापल्या जागी होत्या.

"दोन पाट्या बदलल्या होत्या," ती म्हणाली. "पाणी काढायच्या ओळीत एकच 'थंड'. पंगतीत एकच पान उलटं मांडल्यासारखं दिसत होतं. जुन्या चित्रात कधी लक्षात आलं नसतं. भिकनदादांना आधी लांब उभं केलं, मगच हात लावला."

"कुणी बदलल्या?"

"माझ्याच हातून झालं असेल."

ती आता थेट त्याच्याकडे बघत होती. हिला कळलंय, आणि वेळ येईपर्यंत ही ते राखून ठेवणार, असं त्याला वाटलं.

"फोन कुणाला होता?"

"तुमच्या लिंबायतच्या शेजाऱ्यांना. सकाळपासून लावतेय. तुम्ही निघालात का ते मला विचारायचं होतं. एम-सतरा कळल्याशिवाय मला झोप यायची नाही. आणि दिवाळीला मला अमरावतीला जायचंय, दादा. म्हणून तर शेठला म्हटलं, अखाजीला तुम्हाला सोडा. मग दिवाळीला तुम्ही मला सोडाल. त्यासाठी चित्र दोघांना वाचता यायला हवं."

योगेंद्रने काचेपलीकडे पाहिलं. भिकन कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होता.

"पाट्या मी बदलल्या," योगेंद्र म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्याने खुर्ची ओढली. कोपऱ्यात एम-सतरा हा एकच चौकोन बिनपाटीचा उरला होता.

"लिही. झाकणाचं कुलूप. आतला दाब उतरेपर्यंत उघडू देत नाही."

तिने लिहिलं. योगेंद्रने ती पाटी दोनदा वाचून पाहिली. मग दुसऱ्या दिवशीच्या गाडीची चौकशी करायला फोन उचलला.