पाणचक्कीतली पाचवी खुर्ची

बावीस वर्षं मी माझ्या घरातल्या पाच खोल्या पाहुण्यांना देते आहे. या बावीस वर्षांत एकही पाहुणा माझ्यासाठी आलेला नाही. येतात ते पाणचक्कीसाठी. नदीपलीकडच्या जुन्या पाणचक्कीत बास्तियाँचं हॉटेल आहे, स्वयंपाकासाठी दोन तारे मिळवलेलं, देशभर गाजलेलं. तिथलं टेबल मिळायला चार-चार महिने थांबावं लागतं, आणि तिथली वाइन पोटात घालून कोणी गाडी हाकत नाही, म्हणून लोक माझ्याकडे उतरतात. दुसऱ्या दिवशी माझा अंजिराचा मुरंबा पावावर थापता थापता आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते मला ऐकवतात. कबुतर म्हणे जिभेवर ठेवताच विरघळलं. मी कॉफी ओतत "हो का? वा!" म्हणते. स्वतः मात्र मी तिथे कधी जेवले नव्हते. आपल्या खर्चानं जायची ऐपत नव्हती, आणि बास्तियाँनं कधी बोलावलं नाही.

व्होक्लेर नवराबायको दर ऑक्टोबरात लियोंहून यायचे. मस्यू आर्माँ व्होक्लेर म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर, उंच, गोरेपान, बोलायला लागले की सगळ्यांनी ऐकायचं. त्यांची बायको एदीत एका वाइनच्या व्यापाऱ्याची मुलगी. घोट घेऊन द्राक्षं टेकडीच्या कुठल्या उतारावरची ते सांगायची. मस्यू तिची ही जीभ चारचौघांत मिरवायचे. "हिच्याकडे रूप नव्हतं, हुंडा नव्हता," असं तिच्यासमोरच म्हणायचे, "मी जिभेशी लग्न केलं." लोक हसायचे. तीही हसायची.

त्या वर्षी ते शुक्रवारी आले. रविवारी दुपारी पाणचक्कीत पाच जणांचं टेबल होतं: हे दोघं, मस्यूंचे मित्र फिल्बेर, त्यांची बायको आणि मेहुणी. शनिवारी सकाळी माझ्याकडून दूध उतू जाऊन करपलं. सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलं. एदीत चुलीला पाठ लावून बसली होती, शांतपणे पावाला लोणी लावत. खिडक्या उघडायला फर्नांदा धावत आली, तेव्हा कुठे तिनं मागे वळून पाहिलं.

फर्नांदा माझ्याकडे खोल्या आवरायची. पन्नाशीची, पोर्तुगालहून लग्न करून इकडे आलेली, नंतर विधवा झालेली. तिनं एदीतकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मादाम, तुम्हाला वास आला नाही?"

एदीतचा चेहरा पडला. तिनं उठून दार लावलं.

"डिसेंबरात ताप आला होता," ती म्हणाली. "त्यात वास गेला, चवही गेली. मीठ नाही, साखर नाही, काही कळत नाही. चघळायचं आणि गिळायचं."

"आणि मस्यू?" मी विचारलं.

"त्यांना माहीत नाही. कळता कामा नये. आमच्या कुत्र्याचं नाक गेलं, तेव्हा काय म्हणाले ठाऊक आहे? बिननाकाचं कुत्रं पोसून काय करायचं? आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं घरात नव्हतं."

"मग उद्या काय करणार?"

"पाठ करणार." तिनं पर्समधून पाणचक्कीच्या जेवणाची यादी काढली. "घरी असं चालवलं. इथलं कठीण आहे."

मग फर्नांदा तिच्याशेजारी बसली. तिची बहीण पाणचक्कीत भांडी घासायची, त्यामुळे कशात काय पडतं ते तिला ठाऊक होतं. "कोळंबीच्या रश्श्यात बडीशेप असते मादाम, पण आधी कळत नाही, गिळल्यावर येते. तुम्ही थांबायचं, मग मान हलवायची." एदीत शाळकरी मुलीसारखी ओठ हलवत घोकत होती. मध्येच दोघी खुदकन हसल्या. एदीतला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी भांडी विसळत होते. मला कोणी बोलावलं नाही.

संध्याकाळी मस्यू बागेत पांढरी वाइन घेत बसले होते. मी ऑलिव्हची बशी घेऊन गेले.

"फिल्बेरची मेहुणी येत नाहीये," ते म्हणाले. "एक खुर्ची रिकामी राहणार. बास्तियाँला रिकामी खुर्ची आवडत नाही."

मी बशी ठेवली आणि तिथेच उभी राहिले.

"तुम्ही तर तिथे नेहमी जात असाल?"

"मी? एकदाही नाही, मस्यू."

"बावीस वर्षांत?" ते हसले. "म्हणजे न्हाव्याचेच केस वाढलेले!" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "एदीत हिवाळ्यापासून जरा विचित्र वागते. बायका एकमेकींशी बोलतात. तुम्हाला काही म्हणाली का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. एवढासा शब्द. पण मला ती खुर्ची दिसत होती. मी सांगितलं. डिसेंबरचा ताप, गेलेली चव, पाठांतर, सगळं. त्यांच्या काळजीपोटी सांगते आहे, असंही वर म्हटलं.

मला वाटलं, खवळतील. ते बराच वेळ ग्लास फिरवत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं.

"उद्या बाराला तयार राहा, मादाम क्लोतिल्द. काहीतरी चांगलं घाला."

मी माझ्या पुतणीच्या लग्नातला निळा पोशाख घातला. मला गाडीत बसताना पाहून एदीतला आनंद झाला. "तुम्ही येताय? बरं झालं. माझ्याजवळ बसा." तिनं माझा हात दाबला.

पहिले दोन पदार्थ नीट पार पडले. एदीत ठरल्याप्रमाणे थांबायची, डोळे मिटायची, एखादं वाक्य बोलायची. फिल्बेर मान डोलवायचे. मला काही ऐकू येत नव्हतं, कारण मी जेवत होते. असं काही जगात असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या वेळी ताटल्या आल्या त्या झाकणांखाली. पाचही झाकणं एकदम उचलली. आमच्या चौघांच्या ताटलीत गोड्या पाण्यातली कोळंबी. एदीतच्या ताटलीतही तसाच आकार, वर तोच रस्सा, तीच हिरवी काडी. बास्तियाँ स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

एदीतनं घास घेतला. थांबली. मान हलवली.

"बडीशेप," ती म्हणाली. "गिळल्यावर येते. आणि कोळंबी किती गोड! आजच नदीतून काढलेली असणार."

"खात्री आहे?" मस्यूंनी विचारलं. "अजून एक घास घेऊन सांग."

तिनं घेतला. "आत्तापर्यंत इथे खाल्लेली सगळ्यात छान."

मस्यूंनी नॅपकिन टेबलावर ठेवला. "फिल्बेर, तुझ्या गाईंना हिवाळ्यात काय घालतोस?"

"बीट. चाऱ्याचं, पांढरं."

"तेच खातेय माझी बायको. उकडून कोळंबीसारखं कापलंय. वर पिठाची खळ. मीठसुद्धा नाही."

आधी फिल्बेरची बायको हसली. मग फिल्बेर. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. दारातल्या बास्तियाँनं खांदे उडवले आणि तोही हसला. आणि मीही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. एदीतनं नेमकं त्याच वेळी माझ्याकडे पाहिलं.

तिनं काटा खाली ठेवला नाही. ताटलीतला पुढचा तुकडा उचलला, खाल्ला. मग त्यापुढचा.

"पुरे आता, एदीत."

ती खात राहिली. हसणं थांबलं. तिनं ती खळ पावानं पुसून खाल्ली, ताटली कोरी केली आणि वाढप्याला म्हणाली, "धन्यवाद."

अजून सहा पदार्थ यायचे होते. प्रत्येक वेळी मस्यू वाकून विचारायचे, "आणि हे कसं लागतंय गं?" ती म्हणायची, "मला कळत नाही, आर्माँ." सहाही वेळा म्हणाली. मी खाली मान घालून जेवत होते. मला लाज वाटत होती हे खरं, पण मी एक घासही टाकला नाही, हेही खरं. त्या कबुतराची चव आजही माझ्या जिभेवर आहे.

सोमवारी सकाळी मस्यू गाडीत सामान ठेवत होते, तेव्हा एदीत स्वयंपाकघरात आली.

"हे तुम्हा दोघींनाच माहीत होतं," ती म्हणाली. "कोणी सांगितलं?"

"मादाम, मला वाईट वाटतं सांगायला..." माझ्या तोंडून आपोआप निघत गेलं. "फर्नांदाची बहीण तिथे कामाला आहे ना. बहिणीजवळ बोलली असणार. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"पण तुम्ही हसलात."

"मी घाबरले होते, मादाम."

तिनं विश्वास ठेवला. तेवढ्यात फर्नांदा चादरींचा गठ्ठा घेऊन आत आली. तिला काहीच माहीत नव्हतं. "मादाम, कसं झालं?" तिनं हसत विचारलं.

एदीत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या आईनंतर मी कोणाजवळ मन मोकळं केलं असेल तर ते तुमच्याजवळ. गुरांचा चारा खायला घातलात मला. शाब्बास!" आणि निघून गेली.

फर्नांदा गठ्ठा धरून तशीच उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ओटा पुसत होते. तिला कळलं. ती एक शब्द बोलली नाही. चादरी घालायला वर गेली. तिला कामाची गरज होती.

ती बोलली नाही हेच मला सोसेना. रोज सकाळी "बाँजूर, मादाम" म्हणायची आणि कामाला लागायची. तीन आठवड्यांनी मी तिला सांगितलं की हिवाळ्यात पाहुणे कमी असतात, तुझी गरज नाही. तिनं एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला. आता ती चर्चमागच्या गल्लीत राहते आणि लोकांच्या घरचे कपडे इस्त्री करते.

पुढच्या ऑक्टोबरात व्होक्लेर पुन्हा आले. या वेळी सोबत एक तिशीची बाई होती, वाइनवर लेख लिहिणारी. पाणचक्कीत टेबल तिघांचंच होतं: मस्यू, फिल्बेर आणि ती बाई. एदीतला त्यांनी माझ्याकडे सोडलं. "हिला काय, पाव दिला तरी चालेल," जाताना म्हणाले.

मी तिला अंडं उकडून दिलं. ती जुन्या जागी, चुलीला पाठ लावून बसली. बरीच वाळली होती. अंड्याचं कवच सोलत म्हणाली, "त्या दिवशी मला खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मी विसरलेले नाही." तिनं पिशवीतून लियोंच्या चॉकलेटचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "तुमची ती कामवाली आता कुठे असते?"

"कोण? फर्नांदा? माहीत नाही, मादाम. गेली कुठेतरी."

"बरं झालं."

"हो," मी म्हणाले आणि डबा उघडून एक चॉकलेट तोंडात टाकलं. कडू होतं, आतून चेरीचं. "घ्या ना," मी डबा तिच्यापुढे सरकवला. ती हसून नको म्हणाली.